धक्क्यावर झालेली माडी

मचव्याच्या डोलकाठीला जप्तीची साखळी आवळली तेव्हा झालेला खळखळाट बाबल मयेकरांच्या कानांत अजून आहे.

त्या दिवशी ते नीरेची मडकी घेऊन सकाळीच शेजारच्या बेटाच्या जकात नाक्याला लागले होते. शिपायाने पेलाभर चाखून "साखर आहे, साखर!" म्हटले. पण नाकेदारसाहेबांनी पाहिल्याशिवाय माल उतरवायचा नव्हता, आणि साहेब आधी पूजेला बसले, मग जेवायला, मग आडवे झाले. मडकी उन्हात तापत राहिली.

साहेब आले तोवर त्यांवर फेस चढला होता. वास घेताच ते गरजले, "ही तर माडी! या बेटावरून त्या बेटावर बिनपरवाना दारू आणतोस? माल जप्त, मचवाही जप्त!"

मचवा गेला असता तर मयेकरांच्या घरची चूल विझली असती. ते सावकाश म्हणाले, "साहेब, समुद्रातून काय आलं, ते शिपाईदादांना विचारा."

शिपाई चाचरला. "नीराच होती, साहेब. गोड."

"नीरा उन्हात राहिली की तिची माडी होते, हे आमची पोरंही सांगतील. म्हणजे दारू समुद्रातून आलीच नाही. ती इथं तुमच्या धक्क्यावर, तुमच्या पहाऱ्यात झाली. बिनपरवाना दारू करणाऱ्याला धरायचं तर जरूर धरा, साहेब. फक्त हा धक्का कुणाच्या ताब्यात आहे, तेवढं आधी ठरवा."

जाळी विणणारे कोळी माना खाली घालून हसू लागले. साहेबांनी मचवा सोडायची खूण केली आणि ते कचेरीकडे चालू लागले.