न सुटणारी सुरगाठ

दोऱ्या आपसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. पंधरा ऑगस्टच्या सकाळी एका शाळेत झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या, वरून सुरगाठ मारली आणि घडी खांबाच्या टोकाला चढवली. दोरी ओढली की गाठीने सुटायचं होतं. पण ती मनातून फार घाबरली होती. गाठ सुटली की घात होतो, असं तिला विहिरीच्या दोराने सांगितलं होतं.

घडीच्या अंधारात पाकळ्यांची कुजबुज चालली होती.

"स्वातंत्र्य म्हणजे जिलेबी," एक म्हणाली.

"वेडे, स्वातंत्र्य म्हणजे चक्कर आली तरी उन्हात सरळ उभं राहायचं," दुसरी म्हणाली.

"गप्प बसा गं," गाठ म्हणाली. "देश माझ्या भरवशावर आहे. मी नाही सुटायची."

खाली बाईंनी दोरी ओढली. गाठीने अंग आवळून घेतलं. झेंडा उघडेना. बाईंनी पुन्हा ओढली, तशी गाठ आणखी घट्ट झाली.

"गाठताई, मला श्वास घेता येत नाही," सगळ्यात लहान पाकळी म्हणाली.

"बाहेर वारा आहे. पडशील."

"पडेन की. पण इथेच चुरगळून मेले, तर तू कोणाला सांभाळलंस?"

दोरीला पुन्हा हिसका बसला, तेव्हा गाठीने डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं.

पाकळ्या किंचाळत खाली गेल्या. झेंडा फडफडत उघडला. गाठ मात्र कुठेच उरली नाही. तिथे नुसती सरळ दोरी होती, आणि ती अजून थरथरत होती.