दहा चाळीसला लावलेलं फाटक

“मग चीवर कधी देणार, भंते?”

भंते धम्मसार विहाराच्या मागच्या पायरीवर बसून एका काठीची साल काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आज काय पायलं?” त्यांनी विचारलं.

दौलतराव गणवीरांना चार दिवस हेच ऐकायला मिळत होतं. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणारा माणूस त्यांना नोकरीत असतानाही आवडत नसे. पण इथे गरज त्यांना होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. दौलतरावांना ती भरपूर होती, एवढीच काय ती अडचण.

विहार म्हणजे वेल्सच्या सीमेलगत, इंग्लंडातल्या एका जंगलाच्या काठावरचं जुनं लाकूडतोड्याचं घर. भंते मूळचे पुलगावकडचे. तीस वर्षं या रानात राहिले, पण जिभेवरचं वऱ्हाड काही उतरलं नाही. इंग्रजीसुद्धा ते पुलगावच्या बाजारात उभं राहिल्यासारखं बोलत, आणि आसपासच्या शेतकऱ्यांना ते नीट कळे.

दौलतराव पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं लेणी आणि किल्ले सांभाळले. कुठे कठडा हवा, कुठे पाटी हवी, कुठलं झुडूप उपटायचं, हे त्यांना लांबूनच दिसायचं. बायको गेली, तेव्हा ते बर्मिंगहॅमला मुलीकडे, यशोधराकडे, राहायला आले.

तिथे तीन आठवडे काढले. तेवढ्यात त्यांनी तिच्या मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, फ्रीजची जागा बदलली, सहा वर्षांच्या नातीचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं आणि जावयाला गाडी कशी लावावी ते शिकवलं. बाविसाव्या दिवशी यशोधरा म्हणाली, “बाबा, आमचं घर आहे हो. राहू द्या ना जसं आहे तसं.”

दौलतरावांनी बॅग भरली. सात-आठ आठवडे एका भाड्याच्या खोलीत काढले आणि मग इथे आले.

आता त्यांना प्रव्रज्या हवी होती, चीवर घालून भिक्षू व्हायचं होतं. संसारात काही अर्थ उरला नाही, असं त्यांनी भंतेंना सांगितलं होतं. डब्यांचं सांगितलं नव्हतं.

भंतेंनी त्यांना नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. पहिल्याच सकाळी त्यांनी जंगलाकडे बोट केलं. “ही वाट जंगलातून जाते. मधात जुना ख्रिस्ती मठ हाये, पडका. पुढे टेकडीवर मातीचा गड. फिरून ये, अन् काय पायलं ते सांग.”

दौलतराव वही घेऊन गेले. येताना वहीत चौदा त्रुटी होत्या.

“मठाला छप्पर नाही. भिंतींवर वेल माजली आहे, मुळं दगडांत शिरताहेत. गडाच्या तटावर मेंढ्या चरतात, अडवायला माणूस नाही. दोन हजार वर्षांचं बांधकाम, भंते, आणि त्यावर लेंड्या!”

“उद्या परत जाय,” भंते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बावीस झाल्या.

“मठातल्या दगडी बाकावर कुणीतरी नवकंकरीचा पट कोरलाय.”

“त्या मठातल्या भिक्षूंनीच कोरला म्हणतात. सातशे वर्सं झाली.” भंतेंचे डोळे चमकले. “आपल्या लेण्यांतबी असते ना गा नवकंकरी?”

“असते. आम्ही तिथे कठडा घातला.”

“खेळला का मंग?”

“भंते!” दौलतराव दुखावले. “मी ड्यूटीवर होतो.”

“…उद्या परत जाय.”

तिसरा दिवसही तसाच गेला. चौथ्या दिवशी त्यांनी एका फाटकावरच्या पाटीला धारेवर धरलं. मठाच्या पुढे, जंगल संपतं तिथे, मेंढ्यांच्या दोन कुरणांमध्ये लाकडी फाटक होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘फाटक जसं दिसेल तसंच राहू द्या.’

“सूचना संदिग्ध आहे,” दौलतराव म्हणाले. “एक तर ‘बंद ठेवा’ लिहा, नाहीतर ‘उघडं ठेवा’ लिहा. जसं दिसेल तसं, ही काय सूचना झाली? माझ्या हाताखालच्या माणसानं अशी पाटी लावली असती, तर मी ती परत रंगवून घेतली असती.”

भंते हसले. त्या दिवशीही तेच म्हणाले.

आणि आज पाचवा दिवस होता. जून महिना, पण ऊन असं की इंग्लंडात आहोत हे विसरावं. दौलतरावांनी वही उघडली. आज त्यांचा चेहरा खुलला होता.

“आज त्रुटी फक्त अकरा. आणि एक तर मी स्वतःच दुरुस्त केली.”

भंतेंचा चाकू थांबला. “कोनती?”

“ते फाटक आजही सताड उघडं होतं. कुणीतरी खांबाला दोरीनं बांधून ठेवलेलं, शिवाय खाली दगड लावलेला. किती हा हलगर्जीपणा! मी दोरी सोडली, गुंडाळून खांबावर टांगली. दगड त्यांच्या त्या बिनचुन्याच्या भिंतीतून पडला असणार. भिंतीत एक खाच होती, तिथे बरोबर बसवला. फाटक लावलं, कडी घातली. वेळ दहा चाळीस.”

भंतेंनी चाकू मिटून पायरीवर ठेवला. आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या पायांत बूट होते.

“चाल.”

“आत्ता? तीन वाजलेत, भंते. ऊन आहे.”

“म्हनूनच चाल.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे भंते पुढे आणि त्रेसष्टचे दौलतराव धापा टाकत मागे. वाट झाडांच्या मुळांतून खोल गेलेली होती, माणसं आणि गुरं चालून चालून ओढ्यासारखी झालेली. रोज दौलतराव इथे थांबून मुळं मोजत असत. आज भंतेंनी थांबू दिलं नाही. मठही तसाच मागे पडला.

जंगल संपायच्या आधीच आवाज कानावर आला.

फाटकापाशी मेंढ्यांची दाटी झाली होती. साठ-सत्तर तरी असतील. तोंडं फाटकाच्या फळ्यांमधून बाहेर काढून त्या उभ्या होत्या. काही ओरडत होत्या. काहींनी ओरडणंही सोडलं होतं. अलीकडच्या कुरणातली पाण्याची दगडी डोणी कोरडी ठणठणीत होती. फाटकापलीकडे, शंभर पावलांवर, ओढ्याचं पाणी उन्हात दिसत होतं.

दौलतरावांनी घड्याळात पाहिलं. चार वाजले होते. चौतीस वर्षांच्या सवयीनं डोक्यानं आपोआप हिशेब केला. पाच तास वीस मिनिटं.



भंतेंनी कडी काढली. मेंढ्यांचा लोंढा त्यांच्या चीवराला घासत पलीकडे गेला. एक कोकरू तेवढं उठलं नाही. उशिरा जन्मलेलं असावं, लहान होतं. भिंतीच्या सावलीत मान टाकून पडलं होतं, आणि त्याची आई पाण्याकडे चार पावलं जाई आणि परत येई.

तेवढ्यात कुरणाच्या वरच्या अंगानं चार चाकांच्या मोटारसायकलवरून एक बाई आली. मिसेस प्रिचर्ड, कुरणाची मालकीण. फाटकाकडे, मग या दोघांकडे पाहिलं तिनं.

“कुणी लावलं?” तिनं विचारलं.

“आम्ही,” भंतेंनी हात जोडले.

दौलतरावांचे कान तापले. त्यांनी आयुष्यात कितीतरी चौकशा चालवल्या होत्या, आणि ‘आम्ही’ म्हणणारा माणूस कुणाला तरी वाचवत असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“मी लावलं,” ते पुढे झाले. “मला वाटलं, कुणी विसरलं असेल.”

“डोणीत येणारा वरचा झरा आटलाय. पंधरा दिवस मी ते बांधून ठेवलंय.” तिचा आवाज चढला नाही, तेच दौलतरावांना जास्त लागलं. तिनं खाली वाकून कोकरू उचललं आणि सरळ त्यांच्या हातांत दिलं. “घ्या. पाण्यापर्यंत न्या.”

दौलतरावांनी यापूर्वी कधी कोकरू उचललं नव्हतं. ते जड होतं आणि गरम होतं, आणि त्याचं काळीज त्यांच्या मनगटाशी धडधडत होतं. आई मागे ओरडत आली. ओढ्याच्या काठी ते इस्त्रीच्या पँटसकट चिखलात गुडघ्यावर बसले. ओंजळीत पाणी घेऊन त्याच्या तोंडाला लावलं. पहिली ओंजळ वाहून गेली. दुसरीही… तिसरीला जीभ हलली.

“पी रे, पी,” ते म्हणाले. “पी, माझ्या राजा.”

असं ते शेवटचं कुणाला म्हणाले होते, ते त्यांना आठवलं. यशोधरा दोन वर्षांची होती, तापानं फणफणली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हात ओले असल्यामुळे ते पुसायचं कसं हेही त्यांना कळेना.

थोड्या वेळानं कोकरू उठून उभं राहिलं. पाय थरथरत होते, पण आईच्या पोटाशी ढुशा द्यायला लागलं. मिसेस प्रिचर्डनं दुरून ते पाहिलं आणि मान हलवली. “जगेल,” ती म्हणाली. गाडी सुरू करून निघताना एवढंच बोलली, “उद्याही तहान लागेल त्यांना.”

दौलतराव फाटकाशी आले. दोरी काढून त्यांनी फाटक खांबाला बांधलं. मग दगड शोधायला भिंतीपाशी गेले. पण सकाळी त्यांनी तो इतका बेमालूम बसवला होता, की आता सापडेना. एकेक दगड हलवून बघावा लागला. भंते वाटेवर उभे राहून बघत होते. मदतीला आले नाहीत.

शेवटी सापडला. दौलतरावांनी तो फाटकाखाली ठेवला, पायानं दाबून पक्का केला. पाटीकडे त्यांनी पाहिलं आणि नजर वळवली.

परतताना भंते मठाशी थांबले. थकले होते. दगडी बाकावर ते बसले आणि जमिनीवरचे खडे वेचून नवकंकरीच्या पटावर मांडू लागले. नऊ पांढरे, नऊ काळे. वरच्या वेलीतून एक पाखरू चोचीत किडा घेऊन आत शिरलं, आणि आतून पिल्लांचा कलकलाट झाला. त्या वेलीची त्रुटी दौलतरावांच्या वहीत दुसऱ्या क्रमांकावर होती.

“काढ, पयला डाव तुहा,” भंते म्हणाले.

दौलतरावांनी एक खडा ठेवला. ड्यूटीवर नव्हते.

बराच वेळ दोघं खेळले. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं.

“चीवराचं काय करतं मंग?” भंतेंनी विचारलं.

दौलतराव खाली पटाकडे बघतच बोलू लागले. डब्यांचं सांगितलं. फ्रीजचं सांगितलं. नातीच्या वेळापत्रकाचं सांगताना त्यांना थोडं हसूही आलं.

“निघालो तेव्हा ती दारात उभी होती. म्हणाली, ‘बाबा, दार उघडं आहे, कधीही या.’ मी उत्तर दिलं नाही. बॅग बाहेर काढली आणि दार मीच ओढून घेतलं.”

भंतेंनी एक काळा खडा सरकवला.

“दोन महिने झाले, भंते. आधी तिचे फोन यायचे. मी उचलले नाहीत. आता येत नाहीत.”

दौलतरावांनी आपला पांढरा खडा पुढे सरकवला.

“उद्या सकाळच्या बसनं जाईन म्हणतो. चीवराचं नंतर बघू.”

“जाय.”

दौलतरावांनी हातातला खडा पटावर ठेवला, परत उचलला.

“पण भंते… आता तिनंच दार लावून घेतलं असेल तर?”

भंतेंनी पटावरचे खडे गोळा केले, ओंजळीत धरून जमिनीवर ठेवले, आणि गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठले.

“फाटक लावलं होतं, तरी मेंढ्या किती वेळ उभ्या होत्या गा?”