अर्ध्यावर सोडलेला घाणा

एकदा एक ख्रिस्ती पाळक आपल्या यहुदी गुरूचा निरोप घ्यायला निघाला. निघाला म्हणजे पाय ओढत निघाला. खाडीकाठच्या त्याच्या वस्तीत तापाची साथ आली होती. रुग्णाच्या उशाशी बसणे, प्रार्थना करणे आणि शेवटी माती देणे, सारे त्याच्याच अंगावर पडले. ज्या घरी तो धावला तिथला माणूस गेला, आणि जिथे पोहोचला नाही तिथलाही गेला. येत्या रविवारी मंडळीला सांगून धर्मसेवा कायमची सोडायची, असे त्याने ठरवले होते.

गुरू हसाजी हे कोकणातले शनिवार तेली. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा विसावा, पाळणाऱ्या या यहुद्यांचा घाणा शनिवारी बंद, म्हणून लोकांनी ठेवलेले हे नाव. गावच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना तेच चालवत, आणि पाळकाला हिब्रू त्यांनीच शिकवली होती.

पाळक पोहोचला तो शुक्रवारची संध्याकाळ. घाण्यात तीळ भरडले जात होते, तेल नुकते सुटू लागले होते. आत त्यांच्या म्हाताऱ्या बायकोने शब्बाथचा दिवा लावला आणि हसाजींनी बैलाचे जू उतरवले.

"बाबा, हे काय? आणखी चार फेरे, की घाणा उतरेल!"

"सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, बाळा."

"तुम्हाला लागतो. मला कुठे? द्या, मी हाकतो."

"बैलालाही लागतो," म्हातारा शांतपणे म्हणाला आणि ओटीवर जाऊन बसला.

पाळकाला रडूच कोसळले. "तुम्हाला बसता तरी येतं! मी रात्रंदिवस धावलो, बाबा. एकालाही वाचवू शकलो नाही. आता सोडतोय सगळं."

हसाजींनी त्याला हाताला धरून शेजारी बसवले.

"हे बघ. आम्ही म्हणतो, देव एक, त्याला रूप नाही, तो माणूस होत नाही. त्यानं आज्ञा दिल्या. त्या पाळाव्या, हे जग जमेल तितकं नीट करावं, यासाठी आपला जन्म. मशीहा अजून यायचाय. तुम्ही म्हणता, देव माणूस होऊन आला, जीव देऊन त्यानं तारण पुरं केलं. त्याच्यावर विश्वास ठेवून देवाशी जोडलं जावं, यासाठी जन्म. खरं कोणाचं, ते आपल्या हयातीत मिटायचं नाही. पण गंमत बघ. माझ्या हिशेबी काम अजून उरलंय, तरी मी बसलोय. तुझ्या हिशेबी ते पुरं झालंय, आणि तुला मात्र टेकायला फुरसत नाही!"

पाळकाने डोळे पुसले.

"तारणारा यायचाय की येऊन गेला, हे आपलं भांडण," हसाजी म्हणाले. "तो तू नव्हेस, यावर मात्र आपल्या दोघांचं एकमत."

अंगणात बैल निवांत रवंथ करत होता. पाळक खांबाला टेकला आणि कित्येक दिवसांनी बसल्या जागी झोपी गेला.

रविवारी त्याने उपासना चालवली, पण निरोपाचे बोलला नाही. आज दुपारी मी झोपणार आहे, एवढेच मंडळीला सांगितले. सोमवारी सकाळी तो पुन्हा एका तापकऱ्याच्या उशाशी जाऊन बसला.