तेजकर्ण अजून नदीकाठीच आहे

एक रान होतं. रानाला राजा होता आणि राजाला गोष्ट होती. राजाची गादी आणि गोष्ट एकाच दिवशी सुरू व्हायची आणि एकाच दिवशी संपायची.

रीत अशी होती. नवा राजा बसला की रानातली लेखिका मैदानात येऊन नवी गाथा सुरू करी. वर्षाला एक भाग, असे तीन भाग. पहिल्यात नायक घरून निघे, दुसऱ्यात लढे, तिसऱ्यात घरी परते. मग लेखिका म्हणे, ‘समाप्त’. ऐकणारी जनावरं म्हणत, ‘पावली’, म्हणजे गोष्ट पोचली. एवढं झालं की राजा मुकाट्याने खाली उतरे. नदीकाठचं हिरवं कुरण, ज्याला राजाशिवाय कुणी तोंड लावायचं नाही, ते पुढचा राजा निवडून येईपर्यंत सगळ्यांना मोकळं होई. त्या रानात साहित्याची एवढी गोडी का होती, हे आता वेगळं सांगायला नको.

धुराजी नावाचा गवा राजा झाला तेव्हा म्हाळसाबाई सायाळ लेखिका होत्या. त्या स्वतःच्याच पाठीचा काटा उपटून त्याने लिहीत. गाथा झकास जमली होती. तेजकर्ण नावाचं हरणाचं पोर, पाऊस गिळून बसलेल्या सात फण्यांच्या सर्पाला मारायला धूम्रपर्वताकडे निघतं. पहिल्या भागाला सगळं रान रडलं. दुसऱ्याला वाघसुद्धा रडला, पण त्याने डोळ्यात कुसळ गेल्याचं सांगितलं.

तिसऱ्या वर्षी राजाचा प्रधान म्हाळसाबाईंच्या बिळाशी आला. प्रधान होता खोकड, आणि तो नेहमी कौतुकाने सुरुवात करी.

“बाई, महाराज आत्ताच वाचून उठले. त्यांना वाटतं, धूम्रपर्वत फार घाईत येतोय.”

“तीनच भाग असतात, प्रधानजी.”

“साध्या गोष्टींना. ही महागाथा आहे.”

सायाळ झाली तरी लेखिकाच. महागाथा म्हटल्यावर तिच्या पाठीवरचे उभे काटे जरा खाली बसले. तिने चौथा भाग लिहायचं कबूल केलं. चौथ्यात चाळीस नवी पात्रं आली. पाचव्यात त्यांचे पूर्वज आले. सहाव्यात कोरडा दुष्काळ पडला, गाथेत नव्हे, रानात. सगुणा नावाच्या नीलगाईचं पहिलं वासरू त्या वर्षी गेलं. कुरण ते पडलं तिथून दोनशे पावलांवर होतं आणि हिरवंगार होतं, पण गाथा चालू होती. सगुणेने वासराला नदीच्या वरच्या अंगाला ठेवलं आणि ती सातवा भाग ऐकायला येऊन बसली. या भागात तरी संपेल, अशी तिला आशा होती. ती आशा इतकी वेडी नव्हती. आपण सगळेच कधी ना कधी असे बसलेलो असतो.

नवव्या भागात तेजकर्ण एका नदीकाठी पोहोचला आणि नावाड्याची वाट पाहत बसला. चारशे बारा पानं बसला. शेवटच्या पानावर त्याने कूस बदलली.

त्यावरून रान दुभंगलं.

“बसणं हीच तर गोष्ट आहे,” वानर म्हणाला. तो एका वडाच्या सर्वांत वरच्या फांदीवर राहत असल्यामुळे त्याला सगळं खोलवर दिसे. “नऊ वर्षांचा प्रवास तुम्ही दोन उड्यांत मागता? पाया घातला जातोय. ज्यांना धीर नाही त्यांनी शेजारच्या रानातल्या गोष्टी वाचाव्यात.”

“पाया कसला? पाणी घातलंय नुसतं,” घोरपड म्हणाली. ती एकदा एखाद्या मुद्द्याला चिकटली की सुटत नसे. “आठव्या भागात नदी उत्तरेला होती, नवव्यात पूर्वेला आहे. लेखिकेला स्वतःची गाथा आठवत नाही. माझ्याकडे अशा एकशे साठ चुका आहेत.”

महिनाभरात वानराच्या बाजूचे डाव्या कानात पान खोचू लागले आणि घोरपडीच्या बाजूचे उजव्या. पाणवठ्याला दोन वाटा झाल्या. भेकरांच्या घरातलं जमलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडच्यांना नवव्या भागाचं तिसरं प्रकरण संथ वाटलं. ससे दोन्ही कानांत पान घालून फिरत आणि दोन्हीकडून मार खात. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची मतं सर्वांत ठाम होती.

धुराजी महाराज हे सगळं कुरणातून, रवंथ करत पाहत होते. त्यांनी प्रधानाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मैदानात फर्मान वाचलं गेलं:

“रानात मतभेद आहेत, याचा महाराजांना अभिमान आहे. ज्या रानात नवव्या भागाबद्दल मोकळेपणाने बोलता येतं तेच रान जिवंत. म्हणून आजपासून नवव्या भागाबद्दल बोलणं सक्तीचं करण्यात येत आहे. इतर विषय यथावकाश.”

दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना खूर होते त्यांनी खूर आपटले.

सगुणा उठून उभी राहिली. तिच्याजवळ दुसरं वासरू होतं, आठव्या भागाच्या वेळी झालेलं. त्याच्या बरगड्या लांबूनही मोजता आल्या असत्या. “प्रधानजी, भाग चांगला की वाईट ते मला कळत नाही,” ती म्हणाली. “गाथा संपणार कधी तेवढं सांगा. पोराला गवत पाहिजे.”

“बाई, तुम्ही तिसरं प्रकरण नीट वाचलेलं दिसत नाही,” वानर म्हणाला.

“वाचलं असतं तर त्यातल्या चुका दिसल्या असत्या,” घोरपड म्हणाली. त्या वर्षात दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच.

सगुणा सभेतून निघाली ती थेट म्हाळसाबाईंच्या बिळाशी. बाई बाहेर ऊन खात बसल्या होत्या. नऊ भाग लिहून पाठीचे जवळजवळ सगळे काटे संपले होते. सायाळ कमी आणि मोठी घूस जास्त दिसत होत्या.

“बाई, तेजकर्ण घरी जातो का हो?”

“जातो.”

“कधी?”

“सहा वर्षांपूर्वीच गेलाय,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “शेवट तेव्हाच लिहिला होता. अकरा पानं आहेत. प्रधान आला, महागाथा म्हणाला, आणि मी ती दगडाखाली ठेवली. मला बरं वाटलं होतं गं तेव्हा.”

“माझं वासरू गेलं त्या सहाव्या भागात.”

म्हाळसाबाईंना लाज वाटली, आणि लेखकाला लाज वाटणं ही त्या रानात तरी दुर्मिळ गोष्ट होती. मग त्या उठल्या आणि दगड बाजूला सारू लागल्या. “उद्या मैदानात वाचते,” त्या म्हणाल्या. “रीतीप्रमाणे मी ‘समाप्त’ म्हटलं की झालं. तुम्ही फक्त ‘पावली’ म्हणा.”

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. खोकड धावतपळत आला, पण भर सभेत लेखिकेच्या हातातली पानं ओढणं त्यालाही जमेना. महाराज कुरणातून आले. चेहरा पडला होता. रीतीप्रमाणे त्यांनी गादीवरची झूल आधीच घडी करून काखेत घेतली होती, असं म्हणतात.

म्हाळसाबाईंनी वाचलं. नावाडी येतो. तेजकर्ण पलीकडे जातो. सर्प म्हातारा झालेला असतो, सातपैकी सहा फण्यांना ऐकूही येत नाही. तेजकर्ण त्याच्याशी लढत नाही, नुसता म्हणतो, आता पुरे. सर्प तोंड उघडतो, पाऊस बाहेर पडतो. तेजकर्ण भिजत घरी येतो. आई विचारते, काही खाल्लंस का?

“समाप्त,” म्हाळसाबाई म्हणाल्या.

“पावली,” सगुणा म्हणाली.

बाकी कुणीच काही म्हणालं नाही. सगुणेने मागे वळून पाहिलं.

“हे काय?” वानर फांदीवरून खाली आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. “नऊ भाग आम्ही जीव तोडून जपले, लोकांशी वैर घेतलं. चाळीस पात्रांचं काय झालं? आणि लढाईच नाही?”

“सर्प म्हातारा असणार हे मी चौथ्या भागापासून सांगत होते,” घोरपड म्हणाली. “म्हणजे माझं ऐकून लिहिलंय. आणि नाव घेतलेलं नाही. नदीची दिशा तर दुरुस्त केलेलीच नाही.”

“हा आमच्या श्रद्धेचा अपमान आहे.”

“आणि आमच्या टीकेचाही.”

वानराने डाव्या कानातलं पान काढलं. घोरपडीने उजव्या. मैदानभर पानं गळली. भेकरांच्या दोन्ही घरांनी गळाभेट घेतली. आणि रानात आजवर कधी न झालेली एकजूट झाली. सगळे एका सुरात ओरडू लागले, “समाप्ती मागे घ्या.” सशांना तर रडू फुटलं, कारण आता एकीकडूनच मार बसणार होता.

“अरे, पण कुरण,” सगुणा म्हणाली. तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही गेला नाही.

महाराज उभे राहिले. काखेतली झूल त्यांनी हळूच मागे सरकवली. “माझ्या रानवासीयांनो, मी निघालोच होतो,” ते म्हणाले. “मला सत्तेचा मोह नाही. पण तुम्हाला अर्धवट शेवट देऊन गेलो तर पुढच्या पिढ्या मला माफ करणार नाहीत. तुमचा आग्रह मी मोडू शकत नाही.”

टाळ्या दुपारपर्यंत थांबल्या नाहीत.

त्यानंतर सगळं रीतसर झालं. अकरा पानं रद्द झाली. म्हाळसाबाईंचा शाल-श्रीफळ देऊन निवृत्तीपर सत्कार झाला. पाठ उघडीच होती, शाल कामाला आली. दहावा भाग लिहायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष वानर आणि घोरपड, आळीपाळीने. तेजकर्णाला आधी नावाड्याकडून पुन्हा अलीकडच्या काठावर आणलं जाईल, एवढं एकमताने ठरलं आहे.

सगुणेवर गाथा न समजल्याचा खटला चालू आहे. भर मैदानात ‘पावली’ म्हटल्याचं तिने नाकारलं नाही, त्यामुळे पुरावा लागला नाही. सुनावणीला ती वासराला घेऊन येते. हल्ली ते उभं राहत नाही, म्हणून तीही त्याच्याशेजारी बसूनच जबाब देते. न्यायालयाने याची नोंद बेअदबी अशी केली आहे.

कुरणातलं गवत आता महाराजांपुरतंही उरलेलं नाही. त्याबद्दल रानात दोन मतं नाहीत. एकही नाही.