आठ पाकळ्यांचा थेंब

“सगळा गाव बघून गेला, बाबा. तुम्हीच एकदाही का येत नाही?”

निवांतबाबा झोपडीच्या दारात बसले होते.

विचारणारा मार्तंड हा त्यांचा शिष्य. मूर्तिकार म्हणून त्याचं नाव होतं. ते सगळं सोडून वर्षापूर्वी तो या डोंगरावर आला होता. सोबत छिन्नी मात्र आणली होती.

झोपडीपासून थोड्या अंतरावर एक गुहा होती. तिच्या छतातून बारा महिने थेंब गळायचा. खालच्या शिळेला त्यानं ओंजळीएवढा खळगा पाडला होता. खळग्यात पाणी साचलेलं असे. बाबा रोज पहाटे त्याच्याजवळ जाऊन बसत.

मध्यंतरी बाबांना ताप भरला. गावकऱ्यांनी त्यांना झोळी करून खाली नेलं. ते परत येईपर्यंत मार्तंडानं शिळेला हात घातला. खळगा तासून सपाट केला आणि त्यावर केसासारख्या बारीक चरी कोरल्या. आता थेंब पडला की चरींमधून धावत जाई, क्षणभर आठ पाकळ्यांचं फूल होई आणि कडेनं ओघळून जाई. पुढच्या थेंबाला पुन्हा फूल.

बाबांसाठीच केलं होतं त्यानं हे.

बाबा परतले तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. बाबा हसले. पण त्या दिवसापासून ते गुहेकडे फिरकले नाहीत.

मार्तंडाला ते लागलं होतं. आपल्या हातची कला बाबांना खुपते आहे, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. म्हणून आज त्यानं विचारलं होतं.

“चल,” बाबा अखेर म्हणाले.

ते पुढे, मार्तंड मागे. वाट जिथे फुटते तिथे बाबा थांबले. उजवीकडे गुहा, डावीकडे कडा.

त्यांनी मान किंचित कलती केली. काही ऐकू येतंय का, असं...

बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग डावीकडे वळले.

मार्तंडानं धावत जाऊन त्यांचा दंड धरला. बाबांच्या पायाखालचे खडे घरंगळत दरीत गेले.

“बाबा, इकडे कुठे?”

बाबांनी तोंड त्याच्याकडे वळवलं. डोळे मात्र त्याच्या खांद्यावरून पलीकडे लागलेले होते.

मार्तंडानं त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला; पापणीही लवली नाही.

“कधीपासून?”

“झाली दोन वर्षं.”

म्हणजे बाबांनी त्याचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. वर्षभर तो त्यांच्या शेजारी जेवला, झोपला, मूर्तींविषयी भरभरून बोलला... आणि त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“त्या आवाजावर यायचो,” बाबा म्हणाले. “पाण्यात थेंब पडायचा ना, त्या.”

चरींवरून पसरणाऱ्या थेंबाला आवाज नव्हता.

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“तू इतक्या आनंदानं सांगत होतास...”

मार्तंडानं त्यांना हाताला धरून गुहेत नेलं. बाबा शिळेपाशी बसले. एकेका चरीवरून त्यांनी बोट फिरवलं. आठही पाकळ्या बोटाखालून गेल्या.

“सुंदर झालंय,” ते म्हणाले. मनापासून म्हणाले.

मार्तंडाला ते ऐकवेना. त्यानं छिन्नी उचलली. खळगा पुन्हा करून देतो, आजच्या आज करतो, असं काहीबाही बोलत राहिला. बोलता बोलता त्यालाच कळलं, छिन्नीनं केलेल्या खळग्यातून तो आवाज यायचा नाही. तो आवाज त्या खळग्याचा होता. तो थेंबानं केलेला खळगा होता, आणि थेंबाला त्यासाठी किती पिढ्या लागल्या होत्या कुणास ठाऊक.

त्यानं छिन्नी खाली ठेवली.

बाबांनी चाचपत त्याचा हात शोधला आणि त्याला शेजारी बसवलं.

“थेंब पडला की मला सांग.”

मार्तंड शिळेकडे बघू लागला. डोळे भरून आल्यामुळे त्याला शिळा नीट दिसत नव्हती. त्यानं ते पुसले.

“पडला,” तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली.

“पडला.”

...

“बाबा, मी रोज तुम्हाला इथे आणीन. रोज सांगत बसेन. पण असं किती दिवस...”

बाबांनी त्याच्या हातावर हलकेच थोपटलं.

“आधी हा पडू दे.”