चिमा कुंभारीण आणि न थांबणारा नगारा

एका राज्यात चंडसेन नावाचा राजा होता. राजा म्हणायचं ते डोक्यावर मुकुट होता म्हणून, बाकी राजेपणाच्या नावाने बोंबच. त्याने डोंगर फोडून शापित खजिना वर काढला. सोन्याला हात लावताच सोन्याची माती झाली. उरला एक तांब्याचा नगारा. राजाने त्यावर टिपरू हाणलं आणि तो पहिला ठोका ज्याच्या ज्याच्या कानी पडला, त्याचे हात कामाला लागले ते थांबेचनात. गवंडी भिंतीवर भिंत चढवत राहिला. बाया जातं ओढत राहिल्या, जात्यात दाणा नसला तरी. नगारा आपोआप घुमत राहिला.

वाजवणाऱ्याला मात्र शाप लागत नव्हता. दुपारी पोटभर जेवून राजा झोपाळ्यावर डाव्या कुशीवर आडवा व्हायचा, सेवकाकडून पंख्याचा वारा घ्यायचा आणि वर म्हणायचा, “राज्य कसं कामाला लागलंय!” लाज म्हणून काही असते की नाही?

त्या राज्यात चिमा कुंभारीण राहत होती. पहिल्या ठोक्याच्या वेळी ती मातीच्या खोल खाणीत उतरलेली होती, म्हणून वाचली. तिचा नवरा राणू नाही वाचला. त्याच्या हाताखाली चाक रात्रंदिवस फिरत होतं. माती भिजली न भिजली तोच चाकावर चढायची आणि मडकी उन्हात ठेवताच तडकायची. तिसाव्या दिवशी राणूची करंगळी लाकडाची झाली. चिमाने घास भरवायचा, डोळे पुसायचे आणि दात-ओठ खात बघत राहायचं.

ती तडक दरबारात गेली आणि राजासमोर जमिनीवर बसली.

“ऊठ,” राजा म्हणाला. “प्रजेने इथे बसायचं नसतं.”

“माझ्या नवऱ्याला बसता येत नाही, महाराज. त्याच्या वाटचं मी बसले आहे. नगारा थांबवा.”

“आळशी बाईच्या सांगण्यावरून? तुला जमत असेल तर तूच थांबव.” आणि राजाने जांभई दिली.

पाय आपटत चिमा खाणीतल्या डबक्यापाशी आली. तिथे वाळक्या फांदीवर खंड्या पक्षी पाण्यावर नजर लावून बसला होता. तो बोलला. “चिमा, ऐक. ज्या मांत्रिकाने तो नगारा मंत्रवला, त्याच्या पिंजऱ्यात मी होतो. चाळीस दिवस भरले की हात कायमचे लाकडाचे होतील. पळत्या तळ्याचं पाणी पडलं तरच नगाऱ्याचं कातडं सैल होईल. ते पाणी साध्या मडक्यात टिकत नाही. मडकं मुरलेल्या मातीचं हवं, जळत्या डोंगराच्या निखाऱ्यावर भाजलेलं हवं. निखारा आणताना थांबलीस तर तो विझेल. भिजवल्यापासून चार दिवसांच्या आत मातीला हात लावलास तर मडकं फुटेल. तळ्याकाठी हललीस तर पाणी पळेल.”

“मग पाणी भरू कसं?”

“मी मासा धरतो तसं,” असं म्हणून खंड्याने सूर मारला.

चिमा निघाली. तीन दिवस ती चालतच होती. पायांना फोड आले, ते फुटले, तरी ती टेकली नाही. खापरातला निखारा तिने लालबुंद घरी आणला आणि चुलीतल्या राखेत जपून ठेवला.

मग तिने माती भिजवली, ओल्या फडक्याने झाकली, आणि आता काय करायचं? काही नाही. हे ‘काही नाही’ फार जड गेलं. पहिल्या दिवशी राणूचं दुसरं बोट लाकडाचं झालं, दुसऱ्या दिवशी तिसरं. चिमाचा हात फडक्याकडे गेला.

“नको,” राणू म्हणाला. त्याचे हात चाकावर होते, डोळे खोल गेले होते. “माती मुरली नाही की काय होतं, ते मी रोज बघतोय. तूही जरा नीज. तुला अजून तळ्यावर जायचंय.”

ती निजली. शेजारच्या बाया जात्यावरूनच ओरडल्या, “नवरा मरतोय आणि ही खुशाल लोळतेय!” चिमाला इतका राग आला की रडू फुटलं. पण ती उठली नाही.

पाचव्या दिवशी तिने मडकं घडवलं. त्या निखाऱ्याची आचच अशी की एका प्रहरात मडकं भाजून निघालं, आणि बोटाने वाजवताच खणखणलं.

पळतं तळं माळावर होतं. ती काठाशी गेली तसं पाणी लांब सरकलं. ती बसली. ऊन तापलं, मुंग्या चावल्या, ती हलली नाही. पाणी हळूहळू जवळ आलं, गुडघ्याला लागलं. त्याच क्षणी तिने मडकं बुडवलं आणि उचललं. तळं पळून गेलं, मडकं भरलेलं राहिलं.

चाळिसाव्या दिवशी भर दुपारी ती महालात शिरली. राजा झोपला होता. तिने सगळं पाणी नगाऱ्यावर ओतलं. कातडं लोंबलं आणि घुमणं थांबलं. राज्यभर हात खाली आले. पंखा घालणारा सेवक उभा होता तिथेच खाली बसला आणि घोरू लागला.

राजा घामाने जागा झाला. “वारा का थांबला?” म्हणत त्याने टिपरू उचललं आणि सगळ्या बळाने हाणलं. थप्. ओल्या कणकेवर चापट मारावी तसा आवाज आला. कोणाचंही बोट हललं नाही.

“आपला वारा आपण घ्या, महाराज,” चिमा म्हणाली आणि घरी गेली.

राणू दोन दिवस झोपला. बोटांत रक्त उतरलं, करंगळी तेवढी लाकडाचीच राहिली. तिसऱ्या दिवशी तो आपणहून उठला आणि म्हणाला, “माती दे गं, हात शिवशिवतायत.”

“भिजवलीय,” चिमा म्हणाली. “अजून दोन दिवस मुरायचीय. चल, जेवून घे.”

तेव्हापासून त्या राज्यात नगारा रोज दुपारी वाजतो, थप्. लोक हात धुतात, टेकतात, आणि उन्हं कलली की आपापल्या कामाला उठतात. वाजवायचं काम लोकांनी राजाकडेच दिलंय, आणि तोवर त्याने आडवं व्हायचं नाही. चिमाचं मडकं रितं झालं, आमचं सांगणं सरलं. आता तुम्हीही घटकाभर पाठ टेका.