न उघडलेलं पेन

“मग, काय वाटतं?” खतीबसाहेबांनी विचारलं.

शब्द नेमके हेच होते, असं मी शपथेवर सांगणार नाही. कदाचित “काय दिसतं?” असंही म्हणाले असतील. माझ्या आठवणीवर माझा पूर्वीही फारसा भरवसा नव्हता. आता तर वय झालंय. पण प्रश्न मला होता आणि खोलीतली तिन्ही माणसं माझ्याकडे बघत होती, एवढं पक्कं आठवतं.

मी मान खाली घातली.

माझ्या हातात एक जुनं परदेशी पेन होतं. एबोनाइटचं, अंगभर बारीक लाटांची नक्षी कोरलेलं, सोन्याच्या निबचं. दांडी काळीभोर. टोपण मात्र कोऱ्या चहासारखं तपकिरी.

“प्रोफेसर, तुम्हाला विचारतोय.”

“साहेब, आपण आधी बघावं... मग मी...”

“मी तुम्हाला विचारलं.”

खतीबसाहेब मिरजेच्या एका हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. पण त्यांचं नाव होतं ते जुन्या पेनांमुळे. पुण्याहून, हैदराबादहून लोक पेनं घेऊन त्यांच्या माडीवर यायचे. त्यांनी खरं म्हटलं की ते पेन खरं.

मी सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. नावामागे डॉक्टर होतं. रविवार आला की मिरजेला जायचं आणि त्यांच्यासमोर बसून पेन ओळखायला शिकायचं, असं कित्येक वर्षं चाललं होतं. शिकलोही असेन. पण स्वतःचा निकाल मी एकदाही दिला नव्हता. काही विचारलं की म्हणायचो, “असू शकेल.”

“ही तुमची सही आहे,” खतीबसाहेब म्हणत.

पेन होतं ऐनापुरे सिस्टरांचं. मिरजेच्याच एका इस्पितळात त्या नर्स होत्या. त्यांचे वडील रस्त्यांचे ओव्हरसियर. सगळी नोकरी जतच्या माळावर गेलेली. एका इंजिनियरसाहेबांनी बदली होऊन जाताना हे पेन त्यांना दिलं होतं. वडील वारल्यावर बहीणभावात भांडी वाटली, गाद्या वाटल्या. पेन कसं वाटणार? म्हणून विकायचं ठरलं.

गिऱ्हाईक समोरच बसलं होतं. पुण्याचे रणदिवे, पेनांचे मोठे व्यापारी. त्यांचं त्यांच्या पद्धतीनं पेन तपासून झालं होतं : पांढऱ्या रुमालावर टोपण एकीकडे, दांडी एकीकडे, निब एकीकडे. मग सगळं पुन्हा जोडून, टोपण लावून, त्यांनी पेन माझ्या हातात दिलं होतं.

“टोपण एका पेनाचं आणि दांडी दुसऱ्याची,” ते सिस्टरांना म्हणाले होते. “वाईट वाटून घेऊ नका. अशी जोडलेली पेनं बाजारात ढिगानं येतात. शिवाय दांडीला वरच्या अंगाला डाग आहे. निब खरी आहे, तिचे पैसे देतो.”

“माझा भाऊ पण हेच म्हणतो,” सिस्टर म्हणाल्या.

“काय?”

“अप्पांनी खरं टोपण विकून खाल्लं म्हणतो. त्याला सोन्याची कडी होती म्हणे. ती विकली आणि कसलं तरी दुसरं बसवलं, म्हणतो. अप्पा सांगायचे, मिळालं तसंच आहे, मी काही बदललं नाही. अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा सांगायचे. भाऊ हसायचा त्यांना.”

...

“विकायचं तर आहेच हो,” त्या म्हणाल्या. “पण खोटं म्हणून नाही विकायचं.”

आणि त्यानंतर खतीबसाहेबांनी मला तो प्रश्न विचारला होता.

“उघडून तरी बघा, डॉक्टर,” रणदिवे म्हणाले. “चावत नाही ते.”

“राहू दे.”

“का?”

“जुने आटे आहेत. माझ्या हातून काही तुटलं तर...”

रणदिवे मोठ्यानं हसले. “खतीबसाहेब, हा तुमचा शिष्य टोपण काढायला घाबरतो! ह्याला पोहायला कोरड्या विहिरीत शिकवलंत का?”

खतीबसाहेब हसले नाहीत.

“घाबरू द्या,” ते म्हणाले. “घाई कुणाला आहे?”

मी पेन घेऊन खिडकीशी गेलो. खरं म्हणजे माणसांकडे पाठ करायला मिळेल म्हणून गेलो. मिटलेलं पेन उजेडात धरून हळूहळू फिरवत राहिलो. फिरवण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

टोपण सगळीकडून सारखं तपकिरी नव्हतं. एका बाजूनं गडद, मागच्या बाजूनं जवळजवळ काळंच. ते बघून ठेवलं. मग गडद बाजू समोर आली... आणि माझा हात थांबला.

माझी चूक होत असणार, असं मला वाटलं. नेहमीच वाटतं.

“सिस्टर,” मी विचारलं, “अप्पा पेन कुठं ठेवायचे?”

“खिशात. आणि कुठं ठेवणार?”

“खिशात कसं?”

त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं. “खाकी शर्ट होता. खिसा उथळ. पेन आत मावायचं नाही. म्हणून ही कड्याची पितळी क्लिप त्यांनी वेगळी आणून टोपणावर सरकवली, ती पार खालच्या काठापर्यंत. सगळं टोपण खिशाच्या वर. आई म्हणायची, ओव्हरसियर नाही चालले, झेंडा चाललाय!”

“दिवसभर उन्हात?”

“रस्त्याचं काम सावलीत होतं होय, सर?”

रणदिव्यांनी हात उचलला. “कळलं, कळलं कुठं चाललात ते. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक. उन्हात राहिलं की तपकिरी होतं. हे मी कॉलेजात न जाता शिकलोय. टोपण उन्हानं तपकिरी झालं, मान्य. पण कुणाच्या खिशात? दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशात भाजलेलं टोपण ह्या दांडीवर बसवलं. बसवता येतं.”

बरोबर होतं त्यांचं.

...

“असू...” माझ्या तोंडून निघालं.

“ती सही आज नको,” खतीबसाहेब म्हणाले.

मी पुन्हा पेनाकडे बघितलं. जे मघाशी दिसलं होतं, ते अजून तिथंच होतं.

“रणदिवेसाहेब, दांडीवरचा तो डाग. तो तुम्ही टोपण लावलेलं असताना बघितलात का?”

“लावलेलं कशाला बघू? पेन उघडूनच बघतात.”

“एकदा मिटलेलं बघा.”

ते खिडकीशी आले. मी बोट ठेवलं. टोपणाचा तपकिरी रंग खाली येत होता, टोपण संपत होतं, आणि रंग न थांबता दांडीवर उतरत होता. कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यासारखा. त्याच बाजूला. नखभर खाली जाऊन एका तिरक्या रेषेत संपत होता.

“ही खिशाची कड,” मी म्हणालो. “इथून खाली कापड होतं.”

रणदिवे आणखी जवळ वाकले.

मी नखानं क्लिपची पट्टी जराशी वर उचलली. पट्टी टोपणावरून खाली दांडीपर्यंत आलेली होती. तिच्याखाली, त्या तपकिरी डागाच्या मधोमध, एक बारीक काळी रेघ होती. सरळ. पट्टीएवढीच रुंद.

“ही पट्टीची सावली. पट्टीच्या आड होतं म्हणून तेवढंच काळं राहिलं.”

मग मी टोपण फिरवलं. थोडं सैल केल्याबरोबर पट्टी रेघेवरून सरकली. पुन्हा घट्ट बसवलं. पट्टी रेघेवर आली.

“सावली दांडीवर आहे,” मी म्हणालो. “सावली पाडणारी पट्टी टोपणावर आहे. ह्या दोघांनी सगळं ऊन एकाच खिशात खाल्लंय. टोपण ह्याच पेनाचं आहे.”

आहे, असं म्हणालो मी.

रणदिव्यांनी पेन घेतलं. भिंग डोळ्याला लावलं. खूप वेळ त्यांनी टोपणावरची लाट आणि दांडीवरची लाट ताडून बघितली. क्लिपच्या कड्याखाली जिथं टोपण काळं राहिलं होतं, तिथं निरखून बघितलं. मग रेघ. मग पुन्हा रेघ.

“दुसरं टोपण कधी असतं,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “तर दुसरी रेघ असती. इकडंतिकडं कुठं तरी असतीच. नाही... दुसरी रेघ नाही. नक्षीही तीच.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“सिस्टर,” ते म्हणाले, “तुमच्या वडिलांनी काही बदललं नव्हतं.”

सिस्टरांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतात. पण त्या हसत होत्या. “झेंडा!” त्या म्हणाल्या. “आईला सांगायला पाहिजे होतं.”

मग खतीबसाहेबांनी हात पुढं केला. पेन त्यांच्याकडे गेलं. त्यांनी ते उघडलं नाही. मिटलेलं, उजेडात धरून बघितलं. पट्टी उचलून बघितली. जरा जास्तच वेळ बघितलं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

“सुभानअल्ला,” ते म्हणाले. अगदी हळू.

मग म्हणाले, “किंमत?”

“किंमत आपण सांगा, साहेब.”

“ओळखलं तुम्ही. किंमत मी कशी करणार?”

मी रणदिव्यांकडे बघितलं. “तुम्ही मघाशी निबचे जे पैसे देणार होतात, त्याच्या दहापट.”

“डॉक्टर, जास्त होतात.”

“असू...” मी स्वतःला थांबवलं. “नाही. तेवढीच.”

रणदिवे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. “घ्या! मघाशी टोपण काढायला भीत होता हा माणूस!” आणि पाकीट काढलं.

“हे तुम्ही घासूनबिसून काळं करणार का?” सिस्टरांनी विचारलं.

“सिस्टर, मी आता डागाचेच पैसे देतोय. कुणी पुसायला आलं तर त्याचा हात धरीन.”

“मग पावतीवर तसं लिहा. टोपणासकट मूळचं पेन. भावाच्या नाकासमोर धरते.”

रणदिव्यांनी लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली. सिस्टरांनी पावती मोठ्यानं वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, आणि ताठ मानेनं जिना उतरून गेल्या. मागोमाग रणदिवे गेले.

त्या माडीवर चहा नेहमी मी करायचो. मी स्टोव्हकडे वळलो, तर खतीबसाहेब उठून आडवे आले.

“बसा,” ते म्हणाले. “आज चहा मी करतो.”

चहा गोडमिट्ट झाला होता. आम्ही दोघांनी तो बशीत ओतून प्यायला, आणि त्या पेनाबद्दल एक शब्दही बोललो नाही.

पुढं किती तरी वर्षं मी हेच धरून चाललो की त्यांना सगळं आधीच दिसलं होतं, आणि त्यांनी माझ्याकडून फक्त वदवून घेतलं. गुरू असंच करतात. शिवाय मला दुसरं काही धरून चालताच येत नव्हतं. त्यांना विचारण्याचं धाडस झालं नाही. मग तेही गेले.

नंतर पुण्याला एका प्रदर्शनात रणदिवे भेटले. बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली, खतीबसाहेबांनीच पुढं कधी तरी त्यांना सांगितलेली. मला ती पटेना. खात्री केल्याशिवाय राहवेनाही. म्हणून मी मिरजेला गेलो आणि ऐनापुरे सिस्टरांचं घर शोधून काढलं. त्या थकल्या होत्या, पण बोलणं तसंच खणखणीत होतं.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “त्याच आठवड्यात, तुमच्या रविवारच्या आधी, मी एकटीच पेन घेऊन गेले होते त्यांच्याकडं.”

“त्यांनी बघितलं?”

“बघितलं म्हणजे? सगळं उघडून, सुटं करून, भिंगाखाली धरून बघितलं. आणि म्हणाले, सिस्टर, टोपण दुसऱ्या पेनाचं आहे.”

...

“मी रडायलाच लागले. मग जरा वेळानं म्हणाले, रविवारी परत या.”

“रविवारी कशाला?”

सिस्टर आठवायला थांबल्या नाहीत.

“म्हणाले, ‘माझा एक शिष्य येतो. मी बघितलंय हे त्याला कळू देऊ नका, नाही तर तो माझ्या मताआड लपेल. मी चुकलोय का, हे मला त्याच्याकडून ऐकायचंय.’”